चौसष्ट भोवरे आणि एक जुबली क्लिप

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, ‘काका, भोवरे वाटण्याआधी पाच मिनिटं बोला.’ मी सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. आमच्याकडे पाच मिनिटं म्हणजे किती, हे काउंटरसमोर उभं राहिलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा जरा दम धरा. पोरांनी टोपलीत हात घालू नये, एवढीच विनंती.

भोवरे ज्या लाकडाचे आहेत ते झाड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. २००० साली सोसायटीची नोंदणी झाली, त्याच पावसाळ्यात गेटच्या डाव्या हाताला कडुनिंबाचं रोप लावलं होतं. त्या वेळी इथे सावली अशी नव्हतीच. हायवेवरून येणारी धूळ आणि उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा, एवढंच. रोपाला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या, त्या शेळ्यांनी दोनदा पाडल्या. तरी झाड वाढलं. पुढं त्याच्याखाली रिक्षा थांबायला लागल्या, भाजीची गाडी उभी राहायला लागली, आणि आमची संध्याकाळची ज्येष्ठांची बैठकही तिथेच. २०२४च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, त्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाकूड घेऊन जायला माणूस आला. चुलीचं लाकूड म्हणून वजनावर भाव ठरत होता. मी मधे पडलो आणि म्हटलं, एक ओंडका मला ठेवा. कशाला, ते तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं? निवृत्तीनंतर २०१२मध्ये मी पुण्याहून एक छोटी लाकडाची लेथ आणली, टेबलावर बसणारी, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीची, हे आपल्याला माहीत आहेच. काहींना जरा जास्तच माहीत आहे. २०१९च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तिच्या आवाजाबद्दल रीतसर ठराव आला होता. मी त्या वेळी खजिनदार होतो. ठराव असा, की मशीन सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा एवढ्याच वेळात चालवावं. अनुमोदन द्यायला कोणी उठेना, म्हणून मीच दिलं. ठराव रास्त होता. दुपारच्या झोपेत कोणाच्या कानाशी मिक्सर चालू राहिला तर कसं वाटेल?

तर ओंडका. ओलं लाकूड लगेच कातायला घेतलं तर नंतर वाळताना आक्रसतं, गोल वस्तू लंबगोल होते आणि चिराही जातात. म्हणून त्याचे हातभर लांबीचे तुकडे केले, मधला गाभा टाळून उभे फोडले, आणि दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण वितळवून लावलं. लाकडातलं पाणी टोकांकडून फार वेगानं उडतं, तिथं मेणाचं झाकण बसलं की ते सगळीकडून सावकाश वाळतं. हे तुकडे सव्वा वर्ष आमच्या दिवाणाखाली होते. सौ.चं म्हणणं असं, की त्या वर्षात घरात एक डास आला नाही. ते कडुनिंबामुळे की आमच्या भांडणांमुळे, याचा निर्णय झालेला नाही.

रौप्यमहोत्सवाची बैठक झाली तेव्हा विषय निघाला, की प्रत्येक घराला आठवण म्हणून काही द्यावं. स्टीलचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, नाव घातलेली पिशवी, अशी नेहमीची यादी निघाली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गेटजवळच्या निंबाचा भोवरा देऊ.’ चौसष्ट घरं, चौसष्ट भोवरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी हात पाहिला.

हाताचं आता सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेली तीनेक वर्षं माझा उजवा हात कापतो. स्वस्थ बसलो की काही नाही. चहाचा कप उचलला, पेन धरलं, सुईत दोरा ओवायला गेलो, की सुरू. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा पार्किन्सन नव्हे, वयानं येणारा कंप आहे; जिवाला धोका नाही. खरं आहे. पण जिवाला धोका नसलेल्या गोष्टीही माणसाला पुरेसा त्रास देतात.

आता भोवऱ्यात अवघड काय? तुम्ही म्हणाल, लाकूड फिरतंय, पटाशी लावली, झाला भोवरा. तेवढं खरंच सोपं आहे. लाकडाचा तुकडा लेथच्या एका बाजूला चकात आवळायचा, दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकचा टोकदार सेंटर टेकवायचा, मशीन चालू करायचं आणि टेकूवर पटाशी ठेवून आकार काढायचा. निमुळतं टोक टेलस्टॉककडे, डोकं चकाकडे. जाळी गुंडाळायला खाचा पाडायच्या. इथं हात कापला तरी फारसं बिघडत नाही, कारण पटाशीचं वजन टेकूवर असतं. पण भोवरा तयार झाला की तो तुकड्यापासून कापून वेगळा करावा लागतो, आणि कापला त्या जागी डोक्यावर एक गड्डा राहतो, नाकावर मस असावा तसा. तो काढून, घासून, पॉलिश करायचं तर भोवरा परत धरायला हवा. आणि धरायचा कुठं? लिंबाएवढी वस्तू, सगळीकडून गोल आणि उतरती. मोठी परात असो, खुर्चीचा पाय असो, त्याला धरायला जागा असते. छोट्या वस्तूला सगळी दर्शनी बाजूच असते. जिथं धराल तिथं वण.

आणि गंमत म्हणजे भोवऱ्याचं डोकंच लोक बघतात. तोच भाग सगळ्यात हट्टी. झाडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांची तोंडं डोक्यावर उघडी पडतात. बाजूचं लाकूड दोन मिनिटांत गुळगुळीत होतं, डोक्याला पाच मिनिटं लागतात. शिवाय घाईनं दाबून घासलं तर तापतं आणि तापलं की बारीक चिरा जातात. पॉलिशही तेच जास्त पितं आणि काळवंडतं.

ही अडचण मी पहिल्यांदा पाहिली ती चाळीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती अडचण आहे हेच मला कळलं नव्हतं. १९८३ साली माझी बदली सावंतवाडीला झाली. सिंधुदुर्ग जिल्हा नवाच होता, १९८१च्या महाराष्ट्र दिनी रत्नागिरीतून वेगळा झालेला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली छोट्या कारागिरांना कर्ज द्यायचं आणि नंतर जाऊन पाहायचं, की पैसे खरंच मशीनला लागले की मुलीच्या लग्नाला. ते पाहण्याचं काम माझं. सावंतवाडी म्हणजे मोती तलाव, राजवाडा, आणि लाकडाची खेळणी. तिथली चितारआळी प्रसिद्ध आहे. लाकडी फळं, चूल-बोळकी, पाट, गंजिफा. राजघराण्यानं १९७०च्या दशकात राजवाड्यातच या कलांना जागा करून दिली, म्हणून गंजिफा टिकली, नाहीतर ती संपल्यात जमा होती.

तिथे एका कर्जदाराच्या पडवीत मी पहिल्यांदा कातकाम जवळून बघितलं. म्हातारे गृहस्थ, सत्तरीचे असतील. (आज मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे.) लाकडाचा लांब दांडा एका बाजूला पोकळ चकात ठोकून बसवलेला. दांड्याच्या मोकळ्या टोकाला त्यांनी बोटाएवढी बाहुली कातली. कातली, आणि कापली नाही. तिथेच काचपेपर लावला. तिथेच फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याच्या पानाचा तुकडा दाबून ती सारखी केली, तशी आरशासारखी चमक आली. लाख म्हणजे किड्यानं केलेली राळ, पळस, बोर, कुसुमाच्या झाडावरची. रंग काही लावून वाळवायचा नाही, लाकूड मशीनवरून उतरायच्या आत काम पुरं. सगळं झाल्यावर शेवटी पटाशीचं टोक लावलं आणि बाहुली त्यांच्या डाव्या तळहातात पडली. तिच्या बुडाला भाताच्या दाण्याएवढी खूण, बस.

कर्नाटकात चन्नपट्टणला, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, काळ्या कुड्याच्या लाकडाची खेळणी होतात, तिथंही रीत हीच: तुकडा दांड्याला असेपर्यंत सगळं उरकायचं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं बंद करण्याआधी सगळ्या नोंदी पूर्ण. मी त्या दिवशी फॉर्मवर ‘मशीन आढळले, चालू स्थितीत’ असं लिहिलं आणि निघालो.

त्याच गृहस्थांची दुसरी आठवण मात्र मला सुखाची नाही. ते पैसे काढायला शाखेत आले. विड्रॉवल स्लिपवरची सही नमुन्याशी जुळेना. मी पुन्हा करायला सांगितली. पुन्हा वेगळी. बाजारचा दिवस, मागं रांग. चार वेळा मी त्यांना सही करायला लावली, आणि चौथ्या वेळी जरा मोठ्यानं म्हणालो, ‘अहो, स्वतःची सही नीट येत नाही का?’ ते शांतपणे म्हणाले, ‘सायबा, हात हलता. टेको दिल्यार हलणा नाय.’ काउंटरची फळी त्यांच्या छातीइतकी उंच होती, कोपर टेकायला जागा नव्हती. मला ते तेव्हा ऐकू आलं, समजलं नाही. शेवटी दोन साक्षीदार बोलावून अंगठा घेतला. अंगठ्याची शाई पुसायला कापड मागितलं त्यांनी, तेही आमच्याकडे नव्हतं.

असो. आता मूळ विषय.

कातारी लोकांची रीत मला माहीत झाली होती, तरी मशीन आणल्यावर पहिली काही वर्षं मी शहाणपणा करतच होतो. छोटी वस्तू कापून घ्यायची आणि हातात धरून काचपेपरवर घासायची. गोलाई जाते, ठिकठिकाणी सपाट होतं. मग दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरली. लाकडी चकतीवर टेप, टेपवर वस्तू. कपाटाची एक मूठ घासत होतो, घासता घासता तापली, टेपचा गोंद मऊ झाला आणि मूठ सुटली ती दारातून बाहेर तुळशीवृंदावनावर. दोन मिनिटांपूर्वी तिथं नात उभी होती. पाच वर्षांची. त्यानंतर दोन महिने मशीनवर चादर होती आणि घरात मौन.

त्याहून मोठी चूक कापडाची. पॉलिश लावताना सुती धोतराची पट्टी दोन्ही हातांत धरून फिरत्या लाकडावर लावली. पट्टीचं टोक गुंडाळलं गेलं आणि तर्जनी आत ओढली गेली. हाड मोडलं नाही, नख गेलं, बोट आजही पूर्ण मिटत नाही. मशीन छोटं होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. इथं जे कोणी असलं काम करत असतील, किंवा ज्यांची मुलं आयटीआयला आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: फिरत्या वस्तूला कापड लावायचं नाही. कागद लावायचा. मऊ टिश्यू पेपर. ओढला गेला तर फाटतो. अंगठी, घड्याळ, लांब बाहीचा शर्ट, गळ्यातला मफलर, काही नको. आणि नाकाला मास्क. निंबाचा भुसा घशात गेला की दुपारचा चहा कडू लागतो, हा स्वानुभव.

चिकटवण्याची एक रीत मात्र चांगली आहे, तेवढी सांगतो. वस्तू आणि टाकाऊ लाकडाचा ठोकळा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्हीकडून फेविकॉल लावायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचं. मशीनवर पक्कं बसतं. काम झालं की कागदाच्या रेषेवर पटाशी ठेवून हलकासा ठोका मारायचा, कागद मधून फाटतो आणि दोन्ही लाकडं शाबूत राहतात. पण त्याला सपाट बूड हवं. भोवऱ्याला कुठलं बूड?

भोवऱ्यासाठी वाटी. म्हणजे टाकाऊ लाकडाचा ठोकळा मशीनवर लावायचा आणि त्यात भोवऱ्याच्या मापाचा खड्डा कातायचा. भोवरा टोक आत, डोकं बाहेर असा त्यात दाबून बसवायचा. खड्डा बरोबर मापाचा असेल तर नुसत्या घट्टपणावर धरतो, गोंद नाही, खिळा नाही. जरा सैल वाटला तर आत पाण्याचं बोट फिरवायचं, लाकूड फुगतं, किंवा कागदी टेपचा एक पदर. हे एका भोवऱ्याला उत्तम. पण माझ्यापुढं चौसष्ट होते, आणि माझ्या हाताचे दोन भोवरे कधी सारखे होत नाहीत. प्रत्येकाला नवी वाटी म्हणजे पुढचा रौप्यमहोत्सव आला असता.

इथं मदतीला आली ती जुबली क्लिप. ड्रिपच्या नळीला किंवा गॅरेजमध्ये रेडिएटरच्या पाइपला जी पत्र्याची पट्टी स्क्रूनं आवळतात, ती. आपल्या मोटार मेकॅनिकांच्या तोंडी तिचं नाव जुबली क्लिपच आहे. ल्युमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे जुबली क्लिपनं शंभरी गाठली, आपण पंचविशीत आहोत. रौप्यमहोत्सवाला जुबली क्लिप लागावी, हा योग काही मी जुळवून आणलेला नाही. भिगवण स्टेशन रस्त्यावरच्या दुकानात मिळाली, किरकोळ पैशांत.

तर वाटी कातली बाभळीची, कारण ती चिवट. वाटीच्या काठापासून खाली करवतीनं आठ चिरा पाडल्या, तशा आठ पाकळ्या झाल्या. बाहेरून ही क्लिप घातली. स्क्रू आवळला की पाकळ्या आत मिटतात, सैल केला की उमलतात. आत सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं, म्हणजे पॉलिशवर वण नको. क्लिपच्या स्क्रूचं डोकं बाहेर येतं आणि फिरताना दिसत नाही, बोटांना मात्र बरोबर सापडतं. म्हणून त्यावर दोन वेढे टेप आणि वर लाल रंगाची खूण. तळाशी एक आरपार भोक, म्हणजे भोवरा अडकला तर मशीनच्या पोकळ दांड्यातून मागून सळई घालून ढकलता येतो.

तरी पहिले तीन भोवरे उडाले. कारण लक्षात यायला दोन दिवस लागले. पाकळ्या भोवऱ्याच्या उतरत्या अंगाला धरत होत्या, आणि उतरत्या वस्तूला जितकं आवळाल तितकी ती बाहेर सटकते. ओल्या साबणाची वडी मुठीत दाबून बघा. मग मी भोवऱ्याच्या पोटाशी, जिथं तो सगळ्यात जाड आहे तिथं, चार मिलीमीटरचा सरळ पट्टा ठेवायला लागलो. उतार नाही, गोलाई नाही, सरळ. पाकळ्या त्या पट्ट्यालाच धरतात. पत्र्यात बेचाळीस मिलीमीटरची खाच कापून माप केलं आणि प्रत्येक भोवऱ्याचा पट्टा त्या मापात बसवला. आता भोवरा हातात घेतलात की पोटावर जी रुंद रेघ दिसेल ती शोभेची समजू नका. ती त्याची धरायची जागा आहे.

मग काम लागलं मार्गी. चितारआळीत बघितल्याप्रमाणे बाजू, टोक, खाचा आणि पट्टा, सगळं तुकड्यावर असतानाच घासून, पॉलिश करून पुरं. टोकाला आरीसाठी बारीक भोकही तिथंच पाडायचं, म्हणजे ते नेमकं मध्यावर येतं आणि भोवरा डुगडुगत नाही. मग कापायचा, उलटा करून वाटीत, क्लिप आवळायची. हातानं एक फेरा फिरवून बघायचं की डोकं हेलकावत नाही. मग गड्डा पटाशीनं उतरवायचा. मग टेकू काढून टाकायचा, कारण घासताना बोट टेकू आणि लाकूड यांच्यामध्ये सापडू नये. मशीनचा वेग निम्म्यावर आणायचा आणि काचपेपरचा अंगठ्याएवढा तुकडा. १२०, मग १८०, २४०, ३२०. मधला एकही नंबर गाळायचा नाही. गाळला तर आधीच्या नंबरचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लावल्यावर दिसतात, ऑडिटरला दिसावं तसे. प्रत्येक नंबरानंतर मशीन थांबवून, भुसा पुसून, बॅटरीचा उजेड तिरका टाकून बघायचं. शेवटी चपड्याचं स्पिरिट पॉलिश दोन हात आणि वर मधमाशीचं मेण.

टेकू काढल्यावर हाताचं काय, हा प्रश्न होताच. सावंतवाडीचं वाक्य तेव्हा आठवलं. उजवं कोपर बरगडीला घट्ट लावलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. हात कापायचा पूर्ण थांबत नाही. पण लाकूड जर नीट धरलेलं असेल आणि मध्यावर फिरत असेल, तर हातानं फक्त जवळ जायचं असतं. ते जमतं. गोलाई मशीन सांभाळतं. मी गेल्या तीन वर्षांत या बोटांनी केलेलं दुसरं कोणतंही काम असं गुळगुळीत झालेलं नाही. हे सांगताना मला थोडा गर्व होतो आहे, तो असू द्या.

हिशोब द्यायची सवय आहे, म्हणून देतो. अठ्ठ्याहत्तर तुकडे मशीनवर चढवले. नऊ चिरले, गाभ्याचा भाग त्यांत राहिला होता, ती माझी फोडतानाची चूक. पाच उडाले किंवा बिघडले, पहिले तीन त्यातच. चौसष्ट शिल्लक. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, ठरावाच्या वेळेतच. एखाद्या दिवशी सहाला पाच मिनिटं वर झाली असतील तर शेजाऱ्यांनी ती माफ केली आहेत.

याच काळात एक गोष्ट झाली, ती दोघा-तिघांनाच माहीत आहे. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीचा माझा चेक परत आला. कारण: सही जुळत नाही. खजिनदार आपले, ते रात्री साडेआठला स्वतः घरी आले. चेक खिशातून काढायच्या आधी दहा मिनिटं फ्लेमिंगोंवर बोलत होते, या वर्षी पक्षी उशिरा आले वगैरे. मी समजलो. मी स्वतः हजारो चेक याच कारणासाठी परत केले आहेत. त्याचा एक छापील कागद असतो, त्या ओळीपुढं खूण करायची असते. ती खूण करायला एक सेकंद लागतो.

बँकेत गेलो. माझीच बँक होती असं नाही, एक बँक. तरुण अधिकारी होता, फार अदबीनं वागला. तीन नमुना सह्या करायला सांगितल्या. तिन्ही वेगळ्या. त्यानं आवाज चढवला नाही. उलट खुर्ची दिली, टेबल पुढं ओढलं आणि म्हणाला, ‘काका, कोपर टेकवून बघा.’ टेकवून बघितलं. आधीपेक्षा बरी आली, तरी नमुन्यासारखी नाही. सही म्हणजे पेन मोकळं चालायला हवं, तिथं टेकू पुरत नाही. शेवटी मी अंगठा देऊन आलो. सौ. आणि खजिनदार साक्षीदार. शाई पुसायला त्यानं टिश्यू पेपर दिला. परत येताना गाडीत मी काही बोललो नाही, तेव्हा सौ. म्हणाली, ‘आज किती राहिलेत?’ सतरा राहिले होते. चारला मशीन चालू केलं.

भोवऱ्याची आर ठोकणं मात्र माझ्यानं झालं नाही. बारीक खिळा, वरून हातोडी, हे कापत्या हाताचं काम नव्हे. चौसष्ट आरी सौ.नं ठोकल्या. खिळ्याचं डोकं आधी कापायचं, उलटा भोवरा वाटीत आवळायचा म्हणजे हलत नाही, आणि तीन ठोके. चौथा ठोका मारला की लाकूड फुटतं, हा शोध तिचा. तिच्या हातून एकही फुटला नाही. तेव्हा आभार मानायचे तर तिचे माना. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि खाली बघते आहे.

आता वाटपाच्या सूचना. आर टोकदार आहे. पहिल्या दिवशी फरशीवर घासून जरा बोथट करून घ्या. फरशीवर भोवरा फिरवला तर खड्डे पडतात, घरमालकिणींनी आधीच ऐकून ठेवावं. अंगणात मातीवर फिरवावा. जाळी प्रत्येकाबरोबर दिलेली आहे. ज्या घरात लहान मूल नाही त्यांनी भोवरा काचेच्या कपाटात ठेवला तरी चालेल, पण फिरवायला मोठ्यांनाही बंदी नाही. पाऊस लागून पॉलिश पांढरं पडलं तर माझ्याकडे आणा, वाटी आणि क्लिप मी ठेवलेली आहे. दहा ते बारा किंवा चार ते सहा.

प्रत्येक भोवऱ्यावर घर क्रमांक लिहायचं ठरलं होतं. रंग आणला, बारीक ब्रश आणला. पहिल्याच भोवऱ्यावर एकाचा सात झाला, आणि तो पुसून परत घासावा लागला. म्हणून क्रमांक नाहीत. टोपलीतला हाताला येईल तो घ्या. सगळे बेचाळीस मिलीमीटरचे आहेत. छोट्यांनी आधी या, ओळीनं, ढकलाढकली नको.